वेतन-साहाय्य आणि आपलें हजेरीपत्रक

लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील शेतकरी आतां केवळ शेतकरी राहिलेला नाहीं. तूर व सोयाबीन पिकविणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं डाळ मिल घातली आहे, कोणी तेलाचा घाणा चालवितो, भोकर-किनवटकडील कापूसवाल्यांपैकीं कोणाचा जिनिंगमध्यें भाग असतो, कोणी दूध संकलनाचें केंद्र उघडलें आहे, आणि अलीकडे निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालक मंडळांवर तर आपल्यापैकींच माणसें बसलेलीं आहेत. शेतांत मजूर लावणारा हा गृहस्थ गिरणींतहि मजूर लावतो, आणि महिनाअखेरीस पगार वांटतांना कशी ओढाताण होते हें त्यास कोणी सांगावयास नको. अशा लहान मालकास मजुरांच्या पगारापोटीं सरकारकडून कांहीं रक्कम मिळूं शकते, ही गोष्ट बहुतेकांच्या कानांवर आलेली आहे. परंतु ती कोणास मिळते, केव्हां मिळते, आणि घेणें परवडतें कीं नाहीं, याविषयीं बाजारांत अर्धवट बोलणेंच अधिक. कोणी सांगतो कीं, दर माणसामागें तीन हजार मिळतात. कोणी सांगतो कीं, हें सर्व मोठ्या कारखानदारांसाठींच आहे. दोन्ही बोलणीं अर्धीं खरीं आहेत, म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडावा असें वाटलें.

सरकारी तिजोरींतून मजुरी देण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत हजारों माणसें खडी फोडण्याच्या व रस्त्यांच्या कामांवर जगलीं. १९७५ पासून व्यवसायकर बसवून पैशाची तरतूद झाली, आणि १९७७ सालीं केलेला रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. त्या योजनेंत मालक सरकारच होतें, व मजुरी थेट मजुराच्या हातांत पडे. आपल्या बाजूच्या जमीनधारकांची तेव्हां कुरकुर असे कीं, काढणीच्या दिवसांत माणसें सडकेच्या कामावर जातात व शेतावर कोणी मिळत नाहीं. ही कुरकुर अगदींच अकारण नव्हती. तथापि १९९० पासून त्याच योजनेस फळबागेची जोड मिळाली, आणि खड्डे खणण्यापासूनची मजुरी सरकारनें सोसली, तेव्हां कुरकुर करणाऱ्यांनींच आंब्याचीं व चिकूचीं कलमें लावलीं. पुढें २००५ चा केंद्रीय कायदा आला. डिसेंबर २०२५ मध्यें त्याच्या जागीं संसदेनें जो नवा कायदा केला, त्यांत पेरणी-काढणीच्या हंगामांत मिळून साठ दिवस कामें बंद ठेवण्याची तरतूद घातलेली आहे. म्हणजे ती जुनी तक्रार दिल्लीपर्यंत पोहोंचली म्हणावयाची.

परंतु येथें ज्या साहाय्याचा विचार करावयाचा आहे, तें याहून निराळें आहे. यांत मजूर खाजगी मालकाचा असतो, काम मालकाचें असतें, आणि सरकार मालकाच्या पगारखर्चाचा कांहीं भाग उचलतें. युरोपांत ही रीत जुनी आहे. जर्मनींत मंदीच्या काळीं कामाचे तास कमी केले, तर घटलेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यांतून मिळतो, आणि त्यामुळें कारखाना माणसें काढून टाकीत नाहीं. २०२० सालीं करोनाच्या साथींत इंग्लंडच्या सरकारनें घरीं बसलेल्या नोकरांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंत भाग, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेंत, स्वतः दिला, व ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ पर्यंत चालविली. आपल्याकडे त्याच वेळीं काय झालें, हें पहाण्यासारखें आहे. २९ मार्च २०२० रोजीं केंद्रीय गृहखात्यानें आज्ञा काढली कीं, टाळेबंदीच्या काळांत मालकांनीं पगार न कापतां द्यावा. इंग्लंडांत सरकारनें पैसे दिले. येथें सरकारनें हुकूम दिला. मे महिन्यांत ती आज्ञा मागें घेण्यांत आली, आणि जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें मालक व कामगार यांनीं आपसांत बोलणीं करून मार्ग काढावा असें सांगितलें. तोंपर्यंत लहान गिरणीवाल्यानें काय करावयाचें तें करून टाकलें होतें: कोणीं निम्मा पगार दिला, कोणीं धान्य दिलें, कोणीं मजुरांस गांवीं धाडलें.

मात्र त्या वेळीं केंद्र सरकारनें कांहींच दिलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रॉव्हिडंट फंडांत, म्हणजे भविष्य निर्वाह निधींत, दरमहा मजुराच्या वेतनांतून १२ टक्के कापले जातात व मालक तितकेच घालतो. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हे दोन्ही मिळून २४ टक्के सरकारनें भरले. परंतु ज्या आस्थापनेंत शंभरपर्यंत माणसें आहेत व त्यांपैकीं ९० टक्क्यांचें वेतन १५,००० रुपयांच्या आंत आहे, तिच्यासाठींच. याच्याहि आधीं, ऑगस्ट २०१६ पासून, नव्यानें घेतलेल्या कामगारांपुरता मालकाच्या वर्गणींतील पेन्शनचा ८.३३ टक्के भाग सरकार देत असे, व एप्रिल २०१८ पासून तें पुरते १२ टक्के देऊं लागलें. पुढें ऑक्टोबर २०२० पासून तिसरी योजना निघाली. हजारपर्यंत माणसें असलेल्या ठिकाणीं नव्या कामगाराचे दोन्ही बाजूंचे २४ टक्के दोन वर्षें सरकार भरी. नोंदणीची मुदत मार्च २०२२ ला संपली. या तिन्ही योजना आतां मागें पडल्या आहेत. परंतु तिन्हींचें एक लक्षण समान होतें, आणि वाचकांनीं तेवढें ध्यानांत ठेवावें: पैसा प्रॉव्हिडंट फंडाच्या वहींतून आला. ज्या मालकाचें नांव त्या वहींत नव्हतें, त्याच्या दारावरून तो सरळ पुढें गेला. लातुरांतील वा उदगिरांतील बारा मजुरांच्या डाळ मिलला यांपैकीं एकाहि योजनेचा स्पर्श झाला नाहीं, याचें कारण एवढेंच.

आतां चालू योजनेकडे वळूं. तिचें नांव प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ जुलै २०२५ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला मान्यता दिली व ९९,४४६ कोटी रुपयांची तरतूद केली. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या मुदतींत निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांस ती लागू आहे. हिचे दोन भाग आहेत. पहिला भाग मजुरासाठीं: जो आयुष्यांत प्रथमच प्रॉव्हिडंट फंडांत येतो, त्यास एका महिन्याच्या वेतनाइतकी, पण १५,००० रुपयांपर्यंतच, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने नोकरी झाल्यावर, दुसरा बारा महिने होऊन पैशाच्या व्यवहाराचें छोटें शिक्षण पुरें केल्यावर. दुसरा भाग मालकासाठीं, आणि आपणांस मुख्यतः याच्याशीं कर्तव्य आहे. वाढविलेल्या प्रत्येक माणसामागें मालकास दरमहा साहाय्य मिळतें: वेतन १०,००० पर्यंत असेल तर एक हजारपर्यंत, दहा ते वीस हजारांच्या दरम्यान असेल तर दोन हजार, आणि त्याच्या वर एक लाखापर्यंत तीन हजार. तेव्हां ‘दर माणसामागें तीन हजार’ ही बाजारांतील गोष्ट गिरणीच्या सामान्य मजुरास लागू पडत नाहीं. साहाय्य दोन वर्षें मिळतें; वस्तु तयार करणाऱ्या कारखान्यास मात्र तिसऱ्या व चौथ्या वर्षींहि. डाळ भरडणारी गिरणी उत्पादनांत मोडते, अडतीचें दुकान मोडत नाहीं, हा भेद आपल्या बाजारपेठेंत महत्त्वाचा आहे.

अटी दोन. पन्नासांहून कमी माणसें असतील, तर आधींच्या पायाभूत संख्येवर किमान दोन माणसें वाढविलीं पाहिजेत; पन्नास किंवा अधिक असतील तर पांच. आणि वाढविलेलें माणूस किमान सहा महिने टिकलें पाहिजे. रक्कम मालकाच्या पॅन क्रमांकाशीं जोडलेल्या खात्यांत जमा होते.

हिशेब करून पाहूं. समजा, एका डाळ मिलमध्यें चोवीस माणसें आहेत, सर्व प्रॉव्हिडंट फंडांत आहेत, आणि मालकानें बारा हजार वेतनावर आणखी दोन माणसें घेतलीं. प्रत्येकामागें मालकाची वर्गणी १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. विमा व व्यवस्थाखर्च मिळून एक टक्का, म्हणजे १२०. एकूण १,५६०. जेथें राज्य कामगार विमा लागू असेल, तेथें आणखी ३.२५ टक्के, म्हणजे ३९०. सर्व मिळून १,९५० रुपये. सरकार देतें २,०००. मालकाच्या पदरीं उरले पन्नास! म्हणून मी असें म्हणतों कीं, हें साहाय्य पगाराचें नव्हे, तर माणूस वहींत घेतल्यामुळें जो भार पडतो त्याचें आहे. तो भार चार वर्षें सरकार वाहतें. चार वर्षांचे दर माणसामागें ९६,००० रुपये ही रक्कम लहान नाहीं. परंतु तीच्या जोरावर नको असलेलें माणूस ठेवणारा मालक तोट्यांत जाईल. ज्यास माणसांची खरीच गरज आहे व जो त्यांस असेंतसें कच्च्या वहीवर ठेवणारच होता, त्याच्यासाठीं ही योजना आहे.

दुसरा हिशेब याच्या उलट आहे. गिरणींत वीस-बावीस माणसें आहेत, पण एकहि वहींत नाहीं. तेथें दोन माणसांच्या चार हजारांसाठीं सर्वांचा भरणा सुरू केला, तर वीस जणांचे बारा हजारांच्या वेतनावर ३१,२०० रुपये दरमहा नवीन पडतील. हें ऐकून मालक म्हणतो कीं, मग राहूं द्या. परंतु वीस माणसें झालीं कीं नोंदणी ऐच्छिक रहात नाहीं. १९५२ च्या कायद्यांत वीसाचीच मर्यादा होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि ती तशीच आहे. तपासणी झाली म्हणजे मागील वर्गणी व्याज-दंडासह निघते. वीसांच्या आंतील मालकास मात्र मोकळीक आहे. त्यास व त्याच्या बहुसंख्य मजुरांस मान्य असेल, तर स्वेच्छेनें आंत येतां येतें. तसें करण्यापूर्वी नव्या आस्थापनेची पायाभूत संख्या किती धरली जाणार, हें कार्यालयांतून लेखी विचारून घ्यावें. कारण ती वीस धरली गेली, तर आठ माणसांच्या गिरणीनें दोन वाढविलीं तरी हातीं कांहींच येत नाहीं.

आपल्या भागांतील धंद्यांस सर्वांत अधिक नडते ती सहा महिन्यांची अट. जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होतें व उन्हाळ्याच्या तोंडीं थंडावतें. डाळ मिल नव्या तुरीच्या आवकेवर चालते. गुऱ्हाळाचें तर विचारूंच नये. मजूर हंगामापुरता येतो, होळी झाली कीं जातो, पुढच्या वर्षीं दुसराच येतो. दिल्लींत बसून नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें बारमाही कारखाना असतो, हंगामी धंदा नसतो, अशी माझी तक्रार आहे. तरी यावर थोडा उपाय आहे: गिरणीचा फिटर, चाळणीवाला, मुनीम, कांट्यावरचा माणूस, पहारेकरी, हीं माणसें बारमाही असतात. वाढवावयाचीं दोन माणसें यांतील असावीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. मजूर जर मुकादमाकडून किंवा ठेकेदाराकडून आणलेले असतील, व ते त्या ठेकेदाराच्या क्रमांकावर वहींत असतील, तर साहाय्य ठेकेदारास मिळेल. गिरणीच्या मालकास नाहीं. बाजार समितींतील हमाल माथाडी मंडळाच्या नोंदींत असतात, तेहि आपल्या संख्येंत धरतां येत नाहींत. शेतावरील सालगड्याचें तर या योजनेंत नांवच नाहीं. त्याची उचल आपण गुढीपाडव्याला देतों, त्याचें वर्ष आपल्या वहींत मांडतों, पण सरकारच्या दृष्टीनें घरची शेती ही आस्थापना नव्हे.

आतां ज्या कारणास्तव हें सर्व लिहावेंसें वाटलें, तें सांगतों. वीसांच्या वर माणसें असूनहि त्यांचीं नांवें न लिहिणारे मालक सर्वच लबाड असतात, असें मुळींच नाहीं. पुष्कळांच्या मनांत पैशाहून निराळी भीति असते: नांव लागलें कीं हक्क लागला. ही भीति आपल्या मातींतली आहे. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें मराठवाड्यांत ज्यांचीं नांवें कागदोपत्रीं कूळ म्हणून होतीं, त्यांस संरक्षण मिळालें. आणि तेव्हांपासून दुसऱ्याचें नांव आपल्या कागदावर येऊं न देणें हें जमीनधारकाच्या घरांत शहाणपण ठरलें. महसुलाच्या दप्तरांत ज्यानें दिवस काढले, त्यानें पीकपहाणीच्या रकान्यावरून भावाभावांचीं तोंडें फिरलेलीं पाहिलीं आहेत. बटाईनें दिलेली जमीन कागदावर स्वतःच्या वहितींत दाखवावयाची, हीच रीत पुढें गिरणींत आली, आणि वर्षानुवर्षें राबणारा माणूस ‘आजच आला’ असा राहिला.

परंतु जमिनीचा न्याय गिरणीस लावणें चुकीचें आहे. प्रॉव्हिडंट फंडांत नांव लागल्यानें मजूर गिरणीचा भागीदार होत नाहीं, जागेवर कूळ होत नाहीं. त्याच्या नांवें पैसे जमतात, आणि मालकाच्या वर्गणीपैकीं ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. दहा वर्षें भरलीं तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून त्यास कांहीं मासिक रक्कम सुरू होते. नोकरी व काढून टाकणें यांविषयींचे कामगार कायदे वेगळे आहेत, आणि ते वहींत नांव नसलें तरी टळत नाहींत. साक्षीपुराव्यानें नोकरी शाबीत करतां येतेच. उलट एखाद्याचा हात पट्ट्यांत सांपडला, तर ज्याची नोंद नाहीं त्याच्या भरपाईचा सर्व बोजा मालकाच्या घरावर येतो.

मजूरहि कुरकुरतो, हें खरें. बारा हजारांतून १,४४० कापले कीं हातीं १०,५६० येतात, व त्यास वाटतें कीं मालकानें पगार उतरविला. त्यास सांगावें कीं, तूं प्रथमच आंत येत असशील, तर सहाव्या व बाराव्या महिन्यानंतर मिळून एक पगार तुला अधिक मिळणार आहे, आणि कापलेले पैसे तुझेच आहेत. त्याचा यूएएन क्रमांक व आधार-जोडणी मालकानें पुढें होऊन करून द्यावी. उमंग या भ्रमणध्वनीवरील सोयींतून चेहरा दाखवून ती होते. यांत एक सावधगिरी ठेवावी. जुनें माणूस नवें म्हणून दाखविण्याची युक्ति कोणी सुचविली तर ऐकूं नये, कारण पूर्वीचा क्रमांक कोठेंहि उघडा पडतो.

वीसांच्या आंतील धंदेवाल्यांसाठीं एक वाट अधिक सोयीची आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं चार ते एकोणतीस माणसें असलेल्या मालकास इच्छेनुसार उमेदवार घेतां येतो. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेंत त्याच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतें. अशा उमेदवारास प्रॉव्हिडंट फंडाची वर्गणीहि नाहीं. तंत्रशाळेंतून निघालेला मुलगा वर्षभर यंत्रावर ठेवून पहाण्यास ही सवलत उत्तम आहे, आणि आश्चर्य असें कीं, तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. राज्य सरकारनें २०२४ सालीं काढलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा मात्र फार बोलबाला झाला. तींत बारावी झालेल्यास सहा, पदविकाधारकास आठ व पदवीधरास दहा हजार दरमहा सरकारकडून मिळत. मुदत आधीं सहा महिने होती, पुढें अकरा केली. आणि ती संपल्यावर कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थी आंदोलनास बसले. मुदतीचें साहाय्य संपल्यावर काय, हा प्रश्न आधींच विचारलेला बरा.

तोच प्रश्न शेतकरी उत्पादक कंपन्यांपुढें उभा आहे. २०२० सालच्या दहा हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेंत प्रत्येक कंपनीस तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन-खर्च ठेवलेला आहे. त्यांतून मुख्य अधिकाऱ्यास महिना २५,००० व हिशेबनिसास १०,००० रुपयांपर्यंत पगार देतां येतो. हेंहि वेतन-साहाय्यच होय, आणि लहान मालकास मिळणाऱ्यांत सर्वांत उदार. परंतु तीन वर्षें संपलीं कीं तें थांबतें. कंपनीनें त्या अवधींत स्वतःचा धंदा उभा केला नसेल, तर शिकून तयार झालेला अधिकारी दुसरीकडे जातो, दप्तर संचालकांपैकीं एकाच्या घरीं येतें, आणि वार्षिक विवरणें थकून दंड सुरू होतो. संचालकांनीं पहिल्याच वर्षीं मांडून पहावें कीं, दोघांच्या पगाराचे वर्षाचे ४,२०,००० रुपये निघण्यास किती क्विंटल सोयाबीनची खरेदी-विक्री करावी लागेल. क्विंटलमागें शंभर रुपये खर्च जातां सुटले, तर ४,२०० क्विंटल. पन्नासच सुटले, तर ८,४००. इतकी आवक आपल्या सभासदांकडून येते कीं नाहीं, हें गांवनिहाय यादी घेऊन बसल्यास एका दिवसांत कळतें. येत नसेल, तर अधिकाऱ्याचा पगार कमी ठरवावा किंवा दोन कंपन्यांनीं मिळून एक माणूस ठेवावा.

चालू योजनेचा लाभ घेऊं इच्छिणाऱ्या गिरणीवाल्यानें हजेरीपत्रक, वेतनपत्रक व बँकेंतून दिलेल्या पगाराची नोंद हीं तिन्ही एकमेकांशीं जुळतीं ठेवावीं. प्रॉव्हिडंट फंडाचें मासिक विवरण पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत गेलें पाहिजे. रोखीनें वांटलेला पगार दाखवितां येत नाहीं, म्हणून मजुरांचीं खातीं आधीं उघडावीं. आपल्या गांवांतील टपाल बँकेंतहि तीं निघतात. नवीं माणसें घ्यावयाचीं तर तीं ३१ जुलै २०२७ पूर्वी वहींत आलीं पाहिजेत, आणि यंदाच्या तुरीच्या हंगामास जीं घ्यावीं लागणारच आहेत, त्यांचीं आधारपत्रें व खाते क्रमांक कामावर घेण्याच्या दिवशींच मागून ठेवावे.